पितळेचा नववा टेकू

एल्स्पाने कॉम्प्युटर आणला तो एकचाकी हातगाडीत घालून. हीच गाडी तिला शरदात बटाट्यांना लागते आणि वसंतात शेणखताला. वर मच्छीमाराचा पिवळा रेनकोट पांघरलेला, त्याच्या बाह्या वाऱ्याने अशा फडफडत होत्या की जणू आत कुणी बुडता माणूस हात हलवतोय. चर्चपासून बंदराकडे उतरणारा गावचा एकुलता एक रस्ता, त्या रस्त्याने चाक कुरकुरत आलं आणि बावीस घरांचे बावीस पडदे हलले.

हानुसने आपल्या शेडच्या दारातून तिला येताना पाहिलं आणि हातातला कॉफीचा कप खाली ठेवला. धावत जाऊन गाडी हातात घ्यावी असं त्याला वाटलं. पण तो गेला नाही. का गेला नाही ते त्याला माहीत होतं. फेब्रुवारीपासून तो एल्स्पामावशीच्या समोर जायचं टाळत होता.

"घे बाबा," ती धापा टाकत म्हणाली. "दुरुस्तीला नाही आणलाय हो. घाबरू नकोस. सुटे भाग काढ याचे. कुणाच्या तरी कामाला येतील."

"का गं मावशी? परत बंद पडला?"

"बंद पडतो, चालू होतो. त्याची मर्जी. माझी आता संपली." तिने रेनकोट ओढून घेतला, नीट घडी केली. "शुक्रवारी मिक्यालच्या घरी चर्चच्या पंचांची बैठक आहे. सांगून टाकलंय मी. ईस्टरनंतर दुसरा वाचक बघा म्हटलं."



पाद्री त्यांच्या गावाला सहा आठवड्यांतून एकदा येतो. फेरो बेटांवरच्या लहान गावांना त्याहून जास्त पाद्री वाट्याला येत नाही. मधले पाच रविवार गावातलाच कुणी तरी उभा राहतो आणि पुस्तकातून प्रार्थना, प्रवचन वाचतो. गेली एकोणीस वर्षं तो कुणी तरी म्हणजे एल्स्पा. आवाज खर्जातला, शांत, भरतीचं पाणी खडकांतून आत शिरावं तसा. अलीकडे तिचे डोळे अधू झाले होते. पुस्तकातली अक्षरं मुंग्यांसारखी पळायची. म्हणून आठवडाभर एका बोटाने ती प्रवचन टाइप करायची, शनिवारी बोटाच्या पेराएवढ्या अक्षरांत छापून घ्यायची, आणि रविवारी कागद हातात धरून असं वाचायची की म्हाताऱ्या माणसांना स्वर्ग बंदराच्या पलीकडेच आहे असं वाटावं.

मागच्या रविवारी कागद नव्हता. शनिवारी दिवसभर कॉम्प्युटर चालू झालाच नाही, आणि प्रवचन त्याच्या पोटात. मग तिने जुनं पुस्तक उघडलं. एक ओळ सोडली, एक ओळ दोनदा वाचली, मधेच आमेन म्हणाली. लोक अर्धे उठले, अर्धे बसले. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सगळ्यांनी माना खाली घातल्या, आणि खाली घातलेल्या तीस मानांसमोर एल्स्पा एकटी उभी राहिली.

"तुला फार त्रास दिला रे मी," ती आता म्हणत होती. "चार वेळा आलास. चारी वेळा नीट करून दिलास. माझ्याच घरात काही टिकत नाही, त्याला तू काय करणार? वाऱ्यातलं मीठच ते."

"मावशी..."

"असू दे. वाकू नकोस, पाठ सांभाळ." यंत्र तिनेच उचलून दारात ठेवलं आणि रिकामी गाडी ढकलत ती चढण चढून गेली. रिकामी गाडी भरलेल्या गाडीपेक्षा जास्त कुरकुरत होती.

*

हानुस अठ्ठावन्न वर्षांचा. उमेदीची वर्षं त्याने मोठ्या मासेमारी जहाजांवर वीजतंत्री म्हणून काढली. ग्रीनलंडजवळच्या बर्फात, हातमोजे न घालता तारा जोडल्या. गावात परत आल्यावर कपडे धुण्याच्या यंत्रापासून चर्चच्या घंटेच्या मोटरीपर्यंत सगळं त्याच्याच हाताखालून जायचं. त्याला गर्व होता तो एकाच गोष्टीचा. कुठलंही यंत्र उघडलं की स्क्रू तो एका निळ्या बशीत मोजून ठेवायचा आणि बंद करताना मोजून लावायचा. "माझ्या बशीत कधी स्क्रू उरला नाही," असं तो दुकानात म्हणायचा, आणि ते खरं होतं.

मागच्या शरदात एल्स्पाच्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड गेला. मासे कापण्याच्या शेडमधल्या ऑफिसने एक जुना कॉम्प्युटर टाकून दिला होता, त्यातला चांगला बोर्ड हानुसने काढून तिच्या डब्यात बसवला. महिनाभर चालला. मग खोड्या सुरू झाल्या. बटण दाबलं की आतला पंखा एकदा थरथरायचा आणि थांबायचा. दुसऱ्यांदा दाबलं तर कधी चालू, कधी नाही. पाचव्यांदा हमखास, नाही तर दिवसभर नाही.

तो गेला. झाकण काढलं, रॅमची पट्टी काढून तिचे दात खोडरबराने घासले, परत बसवली. चालू झाला. आठवड्याने पुन्हा तेच. मग पॉवर सप्लाय बदलला. मग बटणाची तार. मग नाण्याएवढी ती बॅटरी. दर वेळी आपल्या शेडमध्ये आणून, टेबलावर आडवा झोपवून, झाकण उघडं ठेवून तो तपासायचा. वीस वेळा दाबलं, वीस वेळा चालू. एल्स्पाच्या घरी नेऊन, झाकण आवळून, टेबलाखाली उभा केला की दोन दिवसांत पुन्हा रुसवा.

आता त्या गावात लोखंड गंजतं, बिजागऱ्या गंजतात, मोटारींचे पत्रे पाच वर्षांत चाळणी होतात. वारा समुद्रावरून येतो आणि मीठ घेऊन येतो. काही बिघडलं आणि कारण सापडलं नाही की गावचं उत्तर ठरलेलं: मीठ. डॉक्टरने सर्दी म्हणावं तसं. हानुसने एल्स्पाच्या घरात नजर फिरवली. टेबल खिडकीशी, खिडकी समुद्रावर, आणि खिडकी उघडी. भिंतीपलीकडे फटीफटींच्या फळ्यांची वाळवणाची कोठी, तिच्यात मेंढीच्या तंगड्या वाऱ्यावर सुकत टांगलेल्या, हिरवट बुरशीच्या, उग्र वासाच्या, जशा असाव्यात तशा.

"मावशी, मीठ गं मीठ," तो म्हणाला होता. "आणि हा मटणाचा दमट वारा. तुझं यंत्र खारतंय."

"खरंच का रे?" ती ओशाळून म्हणाली होती. "मला मेलीला कळायला हवं होतं."

इथवर चूक होती. चूक माणसाकडून होते. पण हानुस तेवढ्यावर थांबला नाही.

फेब्रुवारीत, ईस्टरआधीचा उपासकाळ लागायच्या आदल्या सोमवारी, गावात नाच असतो. वाद्य नसतं काही. सगळे हाताला हात धरून कडं करतात, पायांनी फळ्या दणाणून देतात आणि शेकडो कडव्यांची जुनी गाणी म्हणतात. त्यातच एक रीत आहे टवाळीच्या गाण्याची. कुणी वर्षभरात काही वेडेपणा केला असेल तर त्याच्यावर गाणं रचायचं, आणि ज्याच्यावर रचलं त्याला कड्यात घ्यायचं, दोन्ही बाजूंनी दोन धट्टेकट्टे हात धरून. शेवटचं कडवं होईपर्यंत त्याने सुटायचं नाही. नाचायचं, आणि आपलीच फजिती ऐकायची. जो हसत निभावतो त्याला गाव मानतं.

त्या वर्षीचं गाणं हानुसने रचलं.

एल्स्पाच्या घराला गं, खिडकी समुद्राला
मीठ लागलं यंत्राला, यंत्र बसलं रुसायाला
तंगडी टांगली भिंतीला, वास शिरला तारेतून
बटण दाबी एल्स्पाबाई, मेंढी बोले आतून

आणि "आतून" म्हटलं की सगळ्या कड्याने पाय आपटून "बेंऽऽ" करायचं. चौदा कडवी होती. चौदा वेळा बेंऽऽ. गाव हसून हसून रडलं. एल्स्पाचा एक हात मिक्यालच्या हातात, दुसरा हानुसच्या. होय, त्यानेच धरला होता. ती नाचली, पाय एकदाही चुकला नाही, आणि ओठांवर हसू होतं. फक्त तिचा तळहात थंडगार पडला होता. ते हानुसला जाणवलं होतं. जाणवूनही त्याने पंधरावं कडवं तिथल्या तिथे रचून म्हटलं, कारण टाळ्या मिळत होत्या.

दुसऱ्या आठवड्यात एल्स्पाने तंगड्या उतरवून भाच्याला देऊन टाकल्या. आईच्या काळापासून भरलेली कोठी रिकामी झाली. खिडकीला तिने कडेने कापसाच्या वाती ठोसल्या. कॉम्प्युटर आतल्या अंधाऱ्या खोलीत हलवला. आणि तरी तो बंदच पडत राहिला. मग तिने मनाशी काय समजूत करून घेतली असेल? खिडकी नाही, मटण नाही, म्हणजे उरली कोण?

*

बुधवारी दुपारी हानुसने निळी बशी पुढे ओढली आणि यंत्र उघडलं. सुटे भाग काढायचे म्हणजे आता बोर्डही काढायचा. शरदात बसवल्यापासून तो त्याने एकदाही बाहेर काढला नव्हता. गरजच काय होती? तो तर त्याने स्वतः बसवला होता.

सहा स्क्रू काढले, बशीत मोजले. बोर्ड अलगद वर उचलला.

खाली डब्याच्या पत्र्यावर पितळेचे छोटे टेकू रोवलेले असतात, बोटाच्या नखाएवढे. बोर्ड त्यांच्यावर टेकतो, म्हणजे त्याची पाठ पत्र्याला लागत नाही. प्रत्येक टेकूच्या वर बोर्डाला एक भोक, भोकात एक स्क्रू. जुना बोर्ड मोठा होता, त्याला नऊ टेकू. हा बोर्ड लहान, याला सहाच भोकं. दोन टेकू बोर्डाच्या बाहेर पडत होते, त्यांचा उपद्रव नव्हता. पण नववा नेमका मधे उभा होता, पंख्याच्या जरा खाली, जिथे या बोर्डाला भोक नव्हतं. बोर्डाची उघडी पाठ थेट त्याच्यावर.

हानुसने बोर्ड उलटा करून खिडकीच्या उजेडात धरला. पाठीवर, बरोबर त्या जागी, मोहरीएवढा काळा डाग होता. जळाल्याचा.

बाहेर लाल चोचीचे किनारपक्षी नुकतेच परत आले होते आणि कुंपणावर बसून किंचाळत होते.

त्याने बोर्ड घालायच्या आधी तो टेकू काढायला हवा होता. एक चिमटा लावून दोन वेढे फिरवायचे, एवढंच काम. तो विसरला होता. यंत्र आडवं असलं, झाकण उघडं असलं की बोर्ड आणि टेकू यांच्यात केसाएवढी फट राहायची. उभं केलं, झाकण आवळलं की पातळ पत्रा किंचित मुरडायचा आणि पितळ पाठीला लागायचं. कधी लागायचं, कधी नाही. लागलं की पॉवर सप्लाय स्वतःला वाचवायला बंद व्हायचा. पंखा एकदा थरथरून थांबायचा तो म्हणूनच. जहाजावरच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळलं असतं की असा थरथरणारा पंखा म्हणजे आत कुठे तरी तार पत्र्याला लागतेय. आणि त्याने मीठ म्हटलं. शेडमध्ये आडवं ठेवून उघडं तपासलं आणि मीठ म्हटलं.

बशीत स्क्रू सहाच होते, शरदातही सहाच होते. मोजणीत चूक नव्हतीच कधी. जे मोजायला घेतलंच नाही त्यात होती.

तरी माणसाचं मन चोर. पुरावा हातात असूनही त्याला वाटलं, एकदा बघू, कदाचित नसेल तसं. त्याने टेकू तसाच ठेवून बोर्ड बसवला, झाकण आवळलं, यंत्र उभं केलं. बटण दाबलं. चालू. दुसऱ्यांदा, चालू. त्याला क्षणभर आशा वाटली. तिसऱ्यांदा पंखा थरथरला आणि थांबला. मग सगळं सोडवून टेकू काढला, पुन्हा बसवलं, आवळलं, उभं केलं. दहा वेळा दाबलं. तीस वेळा दाबलं. यंत्राला थपडा मारल्या, टेबल हलवलं. तीसही वेळा ते शहाण्या मुलासारखं चालू झालं.

त्या तीस वेळांनी त्याच्या कानांना चटका बसला. आपल्या हाताने ते बंद पडत होतं, याचे तीस साक्षीदार.

त्याची बायको रागना दारात आली. "एवढं काय बेंबें चाललंय शेडमध्ये? बटणाचा आवाज घरात येतोय."

तो शब्द तिने सहज वापरला होता. सगळं गाव वापरत होतं. कुणाचं काही बिघडलं की बेंऽऽ.

"नीट झाला," हानुस म्हणाला.

"एल्स्पाचा? काय होतं?"

"मीठ," तो म्हणाला.

शब्द तोंडातून गेला तो गेलाच. रागनाने मान हलवली. "देऊन ये मग. शुक्रवारच्या आत दे हो. बिचारीला वाचायचं सोडू देऊ नका. तिच्यासारखं कोण वाचणार आहे? मिक्याल? तो प्रवचन वाचेल की हवामानाचा अंदाज ते देवालाही कळायचं नाही."

ती गेली. हानुसने टेकू खिशात टाकला आणि मग त्याला वाटलं, खिसा जड झालाय. एवढासा पितळेचा तुकडा.

*

गुरुवारी सकाळी तो यंत्र घेऊन गेला, मोटारीतून, चढणीच्या वळणावर कुणी नसेल अशी वेळ बघून. वाटेत त्याने वाक्यं जुळवली. सुटा भाग होता, काढलाय, आता त्रास नाही. खोटं काहीच नव्हतं त्यात. कुणाचा भाग, कधीपासून, हे ती विचारणार नाही. ती विचारणाऱ्यांतली नव्हतीच.

इथे कुणी दार वाजवत नाही, आत शिरून हाक मारतात. त्याने हाक मारली. एल्स्पा स्वयंपाकघरात दिव्याखाली भाकरीला रुबार्बचा, म्हणजे आंबट लाल देठांचा, मुरांबा लावत होती. भर सकाळी दिवा. खिडकीच्या फटीत कापूस, काचेवर बाहेरून मिठाचा पांढरा थर, बरेच दिवस पुसलेला नाही.

"अगंबाई, परत आणलास?"

"चालतोय मावशी. उभा ठेवून, झाकण लावून बघितलाय. तीस वेळा."

"पुन्हा साफ केलास होय? किती रे मीठ काढशील माझ्या घरचं?" ती हसली. "बस. भाकरी खा. मला तर तुझ्यासमोर तोंड दाखवायची लाज वाटते. लोक म्हणत असतील, हानुस एवढा हुशार आणि ही बाई त्याचा हात खोटा पाडते."

त्याने चतकोर परत बशीत ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. ही बाई त्याची माफी मागत होती.

त्याने खिशातून टेकू काढून मुरांब्याच्या बाटलीशेजारी ठेवला.

"हे काय?"

"हे होतं आत."

"माझ्या घरातलं पडलं का?" तिने तो डोळ्यांजवळ नेला. "माझं शिवणयंत्र..."

"नाही मावशी. माझं आहे. शरदात बोर्ड बसवला तेव्हा हा काढायला हवा होता. मी काढला नाही. हाच लागत होता. मीठ नव्हतं. खिडकी नव्हती. मटण तर नव्हतंच नव्हतं. मी होतो."

एल्स्पाने टेकू बोटांत फिरवला, जपमाळेचा मणी फिरवावा तसा.

"केव्हा कळलं तुला?"

"काल."

"काल दुपारी?"

"हो."

"आणि आत्ता नऊ वाजलेत," ती म्हणाली. तेवढंच. पण त्या तेवढ्यात त्याची सगळी रात्र मोजली गेली.

"माझं चुकलं, मावशी."

"चुकलं खरं." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "हानुस, तू लहान असताना मी तुला नाचायला शिकवलं. तुझी आई आजारी होती तेव्हा. डावा पाय दोनदा, उजवा एकदा. आठवतं?"

"आठवतं."

"त्या सोमवारी तू माझा हात धरलास तेव्हा मला वाटलं, हा मला सावरायला आलाय."

हानुसने मान खाली घातली. चर्चमधल्या त्या तीस मानांसारखीच.

"मी गाणं..."

"गाणं छान होतं रे. मेंढी आतून बोलते, हे सुचायला डोकं लागतं. पोरं अजून म्हणतात. माझ्या दारावरून जाताना बेंऽऽ करतात, आणि मी हात हलवते. काय करू दुसरं?" तिने टेकू त्याच्या बशीत ठेवला, भाकरीच्या चतकोराशेजारी. "हा तू चिमट्याने काढलास. ते कशाने काढशील?"

त्याने टेकू बोटाने बशीच्या कडेला सारला.

"साठ तोंडांनी ते म्हटलं. आणि तू मला इथे येऊन सांगतोयस, स्वयंपाकघरात, दार लावून. माझ्या कानात सांगून काय होणार? माझ्या कानांनी तर काही केलं नव्हतं."

*

शुक्रवारी बोटी परतल्यावर, चार वाजता, मिक्यालच्या घरी पंच जमले. पाच जण. मिक्याल पंचांचा मुख्य, अंगाने गलबतासारखा, आवाज धुक्यातल्या भोंग्यासारखा. दाराजवळ स्टुलावर एल्स्पा, अंगातला कोट न काढता, हातात चर्चच्या किल्ल्या. त्या परत द्यायला आणल्या होत्या.

हानुस पंच नव्हता. तो आत शिरला तेव्हा मिक्याल म्हणाला, "काय रे, तू कुणीकडे? इथली वीज चालू आहे."

"मला एक सांगायचंय."

"सांग की. बस आधी."

"उभाच बरा." त्याने टोपी काढली. रात्रभर पाठ केलेलं वाक्य कुठे तरी गेलं. "एल्स्पामावशीच्या कॉम्प्युटरमध्ये... एक टेकू राहिला होता आत."

"कुणाचा?"

"म्हणजे, जुना होता तो. डब्यातच होता."

"मग राहिला कसा?"

एल्स्पा त्याच्याकडे बघत नव्हती. किल्ल्यांकडे बघत होती.

"मी ठेवला," हानुस म्हणाला. "काढायचा विसरलो. सहा महिने तिचं यंत्र माझ्यामुळे बंद पडत होतं आणि मी ते तिच्या घरावर ढकललं. तुम्हाला सगळ्यांना सांगितलं. दुकानात सांगितलं. वर गाणं केलं."

मग कोपऱ्यातला म्हातारा पंच, ऐंशीच्या पुढचा, कानावर हात ठेवून म्हणाला, "म्हणजे मेंढी आत नव्हतीच?"

आणि हशा फुटला. मिक्यालने टेबलावर हात आपटला. कुणी तरी सवयीने बेंऽऽ केलं. हानुसने एल्स्पाकडे पाहिलं. तिच्या ओठांवर तेच हसू आलं होतं, नाचातलं, पाय न चुकवणारं. कबूल करायला आला तर त्याचंही गाणंच झालं, आणि पुन्हा तिच्यावरच.

"थांबा!" तो ओरडला. घर दचकलं. हानुसला ओरडताना कुणी ऐकलं नव्हतं. "तिच्यावर नका हसू. मेंढी मी आहे. माझ्यावर हसायचं तर हसा, पण नाव घेऊन हसा. हानुसने केलं म्हणा. गावभर म्हणा."

हसू विरलं. मिक्याल त्याच्याकडे बघत राहिला, मग टेबलावरच्या आपल्या मोठ्या हातांकडे. त्या सोमवारी एल्स्पाचा दुसरा हात त्यानेच धरला होता.

"एल्स्पा," तो शेवटी म्हणाला, आणि भोंग्याचा आवाज जरा बसला होता, "तुझं काय म्हणणं?"

ती उठली. "माझे डोळे जातायत, हे खरं आहे. यंत्र नीट झालं म्हणून डोळे नीट होत नाहीत. वर्ष, दोन वर्षं. पण मी सोडत होते ते डोळ्यांसाठी नाही. मला वाटायला लागलं होतं, माझा हात लागेल ते नासतं. अशा बाईने देवाचा शब्द कशाला हातात घ्यावा?" तिने किल्ल्या कोटाच्या खिशात टाकल्या. "तसं वाटायचं कारण आता उरलं नाही. रविवारी मी वाचते. तुम्हाला चालत असेल तर."

"चालत असेल तर म्हणे," म्हातारा पुटपुटला. "आम्हाला काय मिक्यालकडून ऐकायचंय?"

हानुस बाहेर पडला तेव्हा त्याला हलकं वाटायला हवं होतं. लोक म्हणतात तसं वाटतं. त्याला नाही वाटलं. बंदराच्या भिंतीशी उभा राहून त्याने थोडा वेळ वारा खाल्ला. एल्स्पा मागून आली, त्याच्या शेजारून गेली आणि थांबली नाही. फक्त म्हणाली, "टोपी घाल. कान लाल झालेत."

*

शनिवारपर्यंत बातमी गावाच्या दोन्ही टोकांना पोचली होती. दुकानातली पावाची लादी करपली, तर "हानुसचा टेकू राहिला असेल." बस उशिरा आली, तर तेच. दुकानदारीणबाईने सुटे देताना त्याला विचारलं, "मोजून घेतोस ना सगळं?" तो म्हणाला, "घेतो." पूर्वी त्याने दोन टोमणे परत मारले असते. आता तो पिशवी उचलून निघाला.

रविवारी तो आणि रागना नेहमीच्या बाकावर बसले, डावीकडून तिसऱ्या. एल्स्पा पुढे उभी राहिली, हातात कागदांची चळत, वरच्या कागदावरची अक्षरं त्यांना बाकावरूनही दिसत होती, काळीभोर, घोड्यांसारखी. तिने सुरुवात केली. तोच आवाज. खडकांतून आत येणारं पाणी. म्हाताऱ्यांनी डोळे मिटले.

तिसऱ्या कागदावर ती अडखळली.

अक्षरं मोठी होती, कागद नीट छापलेला होता. डोळ्यांनीच दगा दिला, बहुधा खिडकीतून एकदम ऊन आलं म्हणून. ती थांबली. कागद जवळ नेला, लांब नेला. चर्चमध्ये लाकूड करकरलं. आणि मग तीस मानांपैकी एकही खाली गेली नाही. त्या हळूहळू, एकेक करून, डावीकडच्या तिसऱ्या बाकाकडे वळल्या.

रागनाने त्याला कोपराने ढोसलं. "तुझ्याकडेच बघतायत सगळे," ती ओठ न हलवता म्हणाली. "परत टेकूच राहिला वाटतंय त्यांना. तुझा काय संबंध आता? सांग की त्यांना."

हानुसचे कान पेटले होते. त्याने बाकाची कड धरली आणि मान वर ठेवली, सगळ्यांना नीट दिसेल अशी.

"बघू दे," तो म्हणाला.

पुढे, उन्हात, एल्स्पाला तिची ओळ सापडेपर्यंत कुणीही तिच्याकडे पाहिलं नाही.